कचेरींतील घड्याळें कां चुकतात?

पुणें शहराच्या पूर्वेस नगर रस्त्यालगत, मुळा-मुठेच्या कांठीं वसलेली खराडी एका पिढीच्या अवधींत ओळखूं न येण्याइतकी पालटली आहे. जेथें शेतें होतीं तेथें आज ईऑन आय. टी. पार्क व वर्ल्ड ट्रेड सेंटर यांच्या उंच कांचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्या इमारतींत तरुण स्त्रीपुरुषांचे तांडेच्या तांडे संगणकापुढें बसून परदेशांतील पेढ्यांचीं, विमा-कंपन्यांचीं व कारखान्यांचीं कामें करीत असतात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचा एखादा मुलगा, पुतण्या, लेक किंवा सून त्यांत असेलच. देवापुढें सांजवात लागण्याच्या सुमारास घराबाहेर पडणारा आणि पहांटे दूधवाल्याच्या बरोबरीनें परतणारा मुलगा हें दृश्य आतां एकत्र कुटुंबांतील वडील मंडळींसहि नवें राहिलेलें नाहीं. ज्या कामाचा दिवस लंडन किंवा न्यूयॉर्क येथील घड्याळाप्रमाणें उगवतो, त्या कामांत वेळ ही केवळ शिस्तीची बाब नसून व्यापाराचें भांडवलच होय.

असें असतांहि अशा कचेऱ्यांत एक चमत्कारिक गोष्ट वारंवार घडते. शेजारीं शेजारीं ठेवलेल्या दोन संगणकांच्या कोपऱ्यांत दिसणारीं घड्याळें एकमेकांशीं जुळत नाहींत. एक म्हणतें, सात वाजून दोन मिनिटें झालीं; दुसरें म्हणतें, अजून सात वाजावयाचे आहेत; आणि दारावरील हजेरीचें यंत्र तिसरेंच कांहीं सांगतें. दोष क्षुल्लक वाटतो, म्हणून ज्याच्या दृष्टीस तो पडतो तो बहुधा मनगटावरील घड्याळ पाहून संगणकाची वेळ हातानें नीट करतो व कामास लागतो. दुसऱ्या दिवशीं तीच चूक पुनः दिसते. तिसऱ्या दिवशीं तो नाद सोडून देतो. प्रस्तुत लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, जाळ्यांत जोडलेल्या संगणकाचें घड्याळ हातानें सारखें करणें हा त्यावरील उपाय नव्हे. तें घड्याळ वेळ कोणास विचारतें, आणि ज्यास विचारतें त्यास ती कोठून कळते, याचा शोध घेतल्यावांचून हा रोग हटत नाहीं.

दोन मिनिटांनीं काय बिघडतें?

कोणी म्हणेल, दोन मिनिटांनीं असें काय आकाश कोसळतें? पूर्वीं घटका-अर्धी घटका इकडेतिकडे झाली तरी कोणाचें अडत नसे. हें म्हणणें एकट्या घड्याळापुरतें खरें आहे; परंतु अनेक घड्याळांची साक्ष जेथें एकत्र वाचावयाची असते तेथें तें टिकत नाहीं. एक उदाहरण कल्पूं. एका कचेरींतून गिऱ्हाइकांची खासगी माहिती रात्रीं कोणीतरी चोरली. दुसऱ्या दिवशीं तपास करणारे तीन ठिकाणच्या नोंदी पुढें घेऊन बसले. टेबलावरील संगणकांत अमुक कारकुनानें ९ वाजून १ मिनिटानें काम बंद केल्याची नोंद आहे; दारावरील यंत्रांत तो ९ वाजून ४ मिनिटांनीं बाहेर पडल्याची नोंद आहे; आणि मुख्य सर्व्हरांत ९ वाजून ६ मिनिटांनीं त्याच्या नांवानें माहिती उचलली गेल्याची नोंद आहे. तिन्ही घड्याळें बरोबर असतील, तर कारकून निघून गेल्यावर दुसऱ्याच कोणी त्याच्या नांवाचा उपयोग केला असें ठरतें. परंतु सर्व्हरचें घड्याळ सहा मिनिटें पुढें असेल, तर चोरी ठीक ९ वाजतां, म्हणजे तो टेबलाशीं बसलेला असतांनाच, झाली असें ठरतें. एका गृहस्थाची नोकरी, त्याची अब्रू आणि त्याच्या पाठीमागच्या कुटुंबाची मनःशांति या सहा मिनिटांवर टांगलेली आहे. उलट, चोर खरोखरच तो असेल तर त्याच सहा मिनिटांच्या आड लपून तो सुटूंहि शकेल.

याहून नित्याचे त्रास निराळेच. विंडोज पद्धतीच्या मोठ्या कचेऱ्यांत माणसाची ओळख पटविण्याचें काम कर्बेरॉस नांवाच्या व्यवस्थेकडे असतें. जुनी चिठ्ठी चोरून कोणी पुनः वापरूं नये म्हणून ती प्रत्येक चिठ्ठीवरची वेळ पाहते, आणि दोन्ही बाजूंच्या घड्याळांत पांच मिनिटांहून अधिक अंतर असल्यास, निराळी आज्ञा दिलेली नसेल तर, प्रवेश नाकारते. पासवर्ड अक्षरशः बरोबर, तरी दार बंद! हातांतील फोनवर दर तीस सेकंदांनीं बदलणारे जे सहा आंकडे कित्येक ठिकाणीं द्यावे लागतात, तेहि वेळेवरूनच काढलेले असतात. तेथें तर एक-दोन मिनिटांचा फरकसुद्धां पुरे होतो. बिचारा कर्मचारी आपल्या स्मरणशक्तीस दोष देत बसतो, आणि खरा अपराधी कोपऱ्यांत निमूटपणें टिकटिकत असतो.

बरोबर म्हणजे कोणाशीं बरोबर?

घड्याळ बरोबर आहे असें आपण म्हणतों, तेव्हां तें कोणाशीं बरोबर, हा मुळांतला प्रश्न आहे. खराडीच्या आकाशांतील सूर्यास विचारलें तर तो तेथील एकाहि संगणकास बरोबर म्हणणार नाहीं. भारताची प्रमाणवेळ पूर्व रेखांश ८२ अंश ३० कला या रेषेवरून धरली आहे. खराडी आहे ७४ अंशांच्या किंचित् अलीकडे. एका अंशास चार मिनिटें या हिशोबानें खराडीची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारें ३४ मिनिटें, म्हणजे जुन्या मापानें एक घटका आणि पंचवीस पळें, मागें पडते. दुसऱ्या शब्दांत, खराडींत मध्यान्ह होते ती सरासरीनें दुपारीं १२ वाजून ३४ मिनिटांनीं. ज्या घरांत पंचांग उघडून सूर्योदय पाहण्याचा परिपाठ आहे, तेथें ही गोष्ट नव्यानें सांगावयास नको.

सूर्याची वेळ सोडून दूरच्या रेषेची वेळ मान्य करणें आपल्या लोकांस सोपें गेलें नाहीं. आगगाड्या सुरू झाल्यावर त्यांस सर्वत्र एकच वेळ हवी म्हणून मद्रासच्या वेधशाळेची वेळ धरण्यांत आली. ती मुंबईच्या वेळेहून अर्धा तास पुढें होती. ज्यांचें नांव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजास आहे, त्या सर जेम्स फर्ग्युसन यांच्या गव्हर्नरीच्या अमदानींत १८८१ सालीं ही मद्रास वेळ मुंबई शहरास लावण्याचा घाट घातला गेला. परंतु लोकांनीं विरोध केला आणि सरकारास माघार घ्यावी लागली. पुढें १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपांच तास पुढें असणारी प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईनें तिच्या ३९ मिनिटें मागें चालणारा आपला 'बाँबे टाइम' विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वस्वीं सोडला नाहीं. एकाच शहरांत रेल्वेची वेळ एक आणि पालिकेची दुसरी, अशी स्थिति कित्येक वर्षें होती. उलट दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४२ पासून १९४५ पर्यंत, सरकारच्या हुकुमानें देशांतील घड्याळें एक तास पुढें केलीं गेलीं आणि लोकांचे व्यवहार त्या वेळेवर चालले.

या इतिहासाचें तात्पर्य आमच्या विषयास फार उपयोगी आहे. दोन घड्याळें भिन्न वेळ दाखवितात तेव्हां त्यांतील एक बिघडलेलेंच असतें असें नाहीं. कित्येकदां दोन्ही उत्तम चालत असतात, परंतु त्यांचे धनी निराळे असतात. कचेरींतील पुष्कळशा तक्रारींचें मूळ यंत्राच्या बिघाडांत नसून या दुहेरी निष्ठेंत असतें.

आज या देशापुरता धनी एक आहे. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, जिची कोनशिला ४ जानेवारी १९४७ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें बसविली गेली, ती भारतीय प्रमाणवेळ राखते. सेकंदाची व्याख्या १९६७ सालापासून सूर्याच्या गतीवर अवलंबून नाहीं. सीझियम धातूच्या अणूंतून निघणाऱ्या एका विशिष्ट लहरीचीं ९,१९,२६,३१,७७० आंदोलनें पुरीं होण्यास जो काळ लागतो, तो एक सेकंद. तसलीं अणुघड्याळें त्या प्रयोगशाळेंत चालत असतात, आणि जगांतील इतर देशांच्या अशाच घड्याळांशीं त्यांचा ताळा सतत पाहिला जातो.

संगणकाच्या पोटांतील दोन घड्याळें

आतां दिल्लीहून खराडीच्या टेबलाकडे येऊं. प्रत्येक संगणकांत मुळांत दोन घड्याळें असतात. पहिलें यंत्राच्या पाटीवर बसविलेलें. तें संगणक बंद असतांनाहि एका चपट्या, नाण्याएवढ्या बॅटरीवर चालतें. त्याचें हृदय म्हणजे क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक. तो सेकंदाला ३२,७६८ वेळां कंप पावतो. हा आंकडा पंधरा वेळां निम्मा केला असतां बरोबर एक उरतो, म्हणून सेकंद मोजण्यास तो सोयीचा. दुसरें घड्याळ म्हणजे संगणक चालू असतांना त्याची कार्यप्रणाली, विंडोज असो वा लिनक्स, स्वतः मोजते ती वेळ. संगणक सुरू होतांना हें दुसरें घड्याळ पहिल्यास वेळ विचारतें आणि मग आपल्या मतानें चालूं लागतें.

स्फटिक कितीहि उत्तम असला तरी तो अचूक नसतो. उष्णतेनें व वयानें त्याची गति बदलते. दहा लाखांत वीस अंशांची चूक ही अशा स्वस्त स्फटिकांत कांहीं मोठी नव्हे; पण तिचा हिशोब केला तर दिवसास पावणेदोन सेकंद आणि महिन्यास जवळजवळ एक मिनिट होतो. एक स्फटिक पुढें धांवतो, दुसरा मागें रेंगाळतो. म्हणून एकाच दिवशीं जुळवून ठेवलेलीं दोनशें घड्याळें सहा महिन्यांनीं दोनशें तऱ्हांची वेळ दाखवूं लागतात. येथें आम्हांस पंचांगाच्या इतिहासाची आठवण होते. गणित पिढ्यानुपिढ्या तसेंच चालवीत राहिल्यानें पंचांगांतील ग्रहस्थिति आणि प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडूं लागलें, तेव्हां एकोणिसाव्या शतकांत केरूनाना छत्रे यांनीं दृक्प्रत्ययाशीं जुळणारें पंचांग काढण्याचा उद्योग आरंभिला आणि पुढें लोकमान्य टिळकांनीं शुद्ध पंचांगाचा पुरस्कार केला. जें गणित मधून मधून आकाशाशीं ताडून पाहिलें जात नाहीं, तें कितीहि श्रद्धेनें चालविलें तरी चुकणारच. घड्याळाचें तेंच आहे.

वेळ विचारण्याची रीत

हा ताळा पाहण्याचें काम माणसांवर न सोपवितां संगणकांनींच तें आपसांत करावें, अशी योजना अमेरिकेंतील डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड मिल्स यांनीं आंखली. तिचें पहिलें लिखित स्वरूप १९८५ सालीं प्रसिद्ध झालें. नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, थोडक्यांत एनटीपी, हें तिचें नांव. मिल्स हे जानेवारी २०२४ मध्यें निवर्तले. परंतु जगांतील असंख्य यंत्रें आजहि त्यांच्याच रीतीनें एकमेकांस वेळ विचारीत आहेत.

ती रीत मोठी मार्मिक आहे. खराडीच्या संगणकानें दिल्लीस वेळ विचारली तर उत्तर येईपर्यंत कांहीं काळ जाणारच. मग आलेलें उत्तर शिळें नव्हे काय? यावर मिल्स यांची तोड अशी. समजा, खराडीच्या घड्याळांत बरोबर १० वाजतां चिठ्ठी निघाली. दिल्लीच्या घड्याळाप्रमाणें ती १० वाजून ७.०२० सेकंदांस पोंचली, ७.०२१ सेकंदांस तेथून उत्तर सुटलें. आणि खराडीच्या घड्याळांत १० वाजून ०.०४१ सेकंद झाले असतांना तें हातीं आलें. जाण्यायेण्यांत एकूण सेकंदाचे ४१ सहस्रांश गेले. पैकीं एक दिल्लींत मोडला. उरले ४०, म्हणजे एका बाजूच्या प्रवासास २०. याचा अर्थ चिठ्ठी दिल्लीस पोंचली तेव्हां खराडींत ०.०२० सेकंद झाले होते आणि दिल्लींत ७.०२०, तेव्हां खराडीचें घड्याळ बरोबर सात सेकंद मागें आहे. जाण्याची व येण्याची वाट सारखी मोकळी असावी, एवढेंच या त्रैराशिकांत गृहीत धरलें आहे. एका बाजूस गर्दी झाली तर उत्तरांत थोडी भेसळ होते. म्हणून हा प्रश्न एकदां नव्हे तर पुनः पुनः विचारावयाचा असतो.

परंतु देशांतील प्रत्येक संगणकानें थेट दिल्लीस विचारावयाचें म्हटलें तर तेथील सर्व्हर चेंगरून जाईल. म्हणून येथें गुरुपरंपरेप्रमाणें पायऱ्या लावल्या आहेत. अणुघड्याळ ही शून्य पायरी. त्यास जोडलेला सर्व्हर पहिली. त्यास विचारणारा कचेरीचा मुख्य सर्व्हर दुसरी. आणि त्यास विचारणारे टेबलांवरील संगणक तिसरी. पंधरापर्यंत पायऱ्या चालतात. सोळावी म्हणजे ज्यास गुरूच नाहीं असा. विंडोजच्या मोठ्या कचेऱ्यांत सर्व संगणक डोमेन कंट्रोलर नांवाच्या अधिकारी सर्व्हरांस वेळ विचारतात, आणि ते सर्व आपल्यांतील एका प्रमुखास, ज्यास पीडीसी एम्युलेटर म्हणतात, विचारतात. एकत्र कुटुंबांत जशी धाकट्यानें मोठ्यास आणि मोठ्यानें घरच्या कर्त्यास विचारण्याची चाल असते, तशीच ही रचना. तिचा गुणहि तोच आणि धोकाहि तोच: कर्ता नीट असेल तर सर्व घर नीट, आणि कर्त्यानेंच बाहेर कोणास विचारावयाचें सोडलें तर सगळें घर एका मतानें चुकतें.

चुकीच्या आंकड्यावरून रोगाची परीक्षा

वैद्य जसा औषध देण्यापूर्वीं नाडी पाहतो, तसें येथें घड्याळास हात लावण्यापूर्वीं चूक किती आहे हें लिहून ठेवावें. वेळ हातानें बदलली कीं हा पुरावा नष्ट होतो. चुकीचा आंकडाच पुष्कळदां कारण सांगतो.

चूक ठराविक तासांची वा पाव तासांची असून मिनिटांच्या खालचे सेकंद अचूक जुळत असतील, तर घड्याळ निर्दोष असून त्यास देश चुकीचा सांगितला आहे असें समजावें. बरोबर तीस मिनिटें मागें असेल तर त्यास कराचीची वेळ दिली असावी. तीस मिनिटें पुढें असेल तर ढाक्याची. पंधरा मिनिटें पुढें असेल तर काठमांडूची. विंडोजच्या यादींत पुण्याचें नांव नाहीं. 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' या ओळीची निवड करावयाची असते, आणि घाईंत शेजारची ओळ निवडली जाते. चूक साडेपांच तासांची असेल तर ग्रिनिचची वेळ व आपली वेळ यांत गफलत झाली आहे. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही बसविलेले असतात तेथें हें हमखास घडतें. कारण पाटीवरील घड्याळांत पहिला स्थानिक वेळ आहे असें मानतो आणि दुसरा ग्रिनिचची.

चूक कांहीं वर्षांची असेल, म्हणजे संगणक सकाळीं सुरू करतांच दहा वर्षांपूर्वींची तारीख दाखवीत असेल, तर ती चपटी बॅटरी संपली हें निश्चित. अशा वेळीं इंटरनेटवरील बहुतेक पानें उघडण्यास नकार मिळतो आणि 'हें स्थळ सुरक्षित नाहीं' अशी सूचना येते. कारण त्या स्थळांच्या दाखल्यांवर जी मुदत लिहिलेली असते, ती संगणकाच्या मतें अजून सुरूच झालेली नसते.

चूक आज तीस सेकंदांची, पुढील महिन्यांत दीड मिनिटाची, अशी सावकाश वाढत असेल, तर तें घड्याळ कोणासच विचारीत नाहीं. केवळ आपल्या स्फटिकावर चालतें आहे. आणि कचेरींतील सर्वच संगणक एकमेकांशीं जुळून बाहेरच्या जगाशीं मात्र जुळत नसतील, तर दोष टेबलांवर नसून प्रमुखांत आहे. हा प्रकार सर्वांत फसवा. आंत बसलेल्या कोणासच तो कळत नाहीं; खिशांतील फोन काढून पाहिला म्हणजे कळतो. शेवटीं, दुरुस्त केलेली वेळ कांहीं मिनिटांत पुनः पूर्वस्थितीवर येत असेल, तर त्या यंत्रास दोन धनी आहेत. एका मोठ्या यंत्राच्या पोटांत अनेक कल्पित संगणक, ज्यांस व्हर्च्युअल मशीन म्हणतात, चालविण्याची रीत खराडीसारख्या ठिकाणीं सर्वत्र आहे. अशा संगणकास एकीकडून त्याचें यजमान यंत्र वेळ सांगतें आणि दुसरीकडून डोमेन सांगतो. दोघांत मतभेद झाला कीं बिचारा मध्यें हेलकावे खातो.

उपचार

उपचाराचा क्रम खालून वर जावा. प्रथम चुकणारा संगणक एकच आहे, एका दालनांतील सर्व आहेत, कीं संबंध कचेरी आहे हें पहावें. मग त्या संगणकासच विचारावें कीं तुझा गुरु कोण. विंडोजमध्यें डब्ल्यू३२टीएम नांवाची आज्ञा आहे. तिच्या 'क्वेरी' व 'सोर्स' या प्रश्नांस उत्तर म्हणून एखाद्या सर्व्हरचें नांव आलें तर सांखळी जोडलेली आहे. परंतु 'लोकल सीमॉस क्लॉक' किंवा 'फ्री-रनिंग सिस्टिम क्लॉक' असें उत्तर आलें तर तो निगुरा आहे. लिनक्सवर हेंच काम क्रोनी नांवाचा कार्यक्रम करतो. गुरूचें नांव आहे पण उत्तर येत नाहीं असें दिसल्यास वाट तपासावी. एनटीपीच्या चिठ्ठ्या यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या दारांतून जातात, आणि सुरक्षिततेच्या उत्साहांत फायरवॉल संभाळणाऱ्यानें तें दार बंद करून टाकलेलें असणें ही अगदीं नेहमींची गोष्ट आहे.

प्रमुख सर्व्हरानें बाहेर एकासच विचारूं नये. दोघांस विचारलें आणि त्यांचीं उत्तरें भिन्न आलीं तर खरें कोणाचें हें ठरवितां येत नाहीं. तिघे-चौघे असले म्हणजे पंचांप्रमाणें बहुमत निघतें आणि एक खोटा साक्षीदार बाजूस पडतो. कल्पित संगणकांस यजमान किंवा डोमेन यांपैकीं एकच धनी ठेवावा. शिवाय, फार मोठी चूक आपोआप सुधारेल अशी आशा धरूं नये. एनटीपीचा मूळ कार्यक्रम एक हजार सेकंदांहून, म्हणजे सुमारें सतरा मिनिटांहून, अधिक फरक आढळल्यास दुरुस्ती न करतां थांबतो. इतकी चूक असल्यास कोठेंतरी दुसराच घोटाळा आहे, तो माणसानें पहावा, असा त्याचा शहाणा हेतु. लहान चूक मात्र तो एकदम उडी न मारतां घड्याळ किंचित् जलद वा मंद करून हळूहळू भरून काढतो. ज्या सर्व्हरांत पैशाच्या नोंदी होतात तेथें हें धोरण फार महत्त्वाचें. कारण घड्याळ एकदम मागें ओढलें तर नंतर झालेली नोंद आधीं झाल्यासारखी दिसते आणि हिशोबाचा सगळा अनुक्रम कोलमडतो.

येथें एक भ्रमहि दूर केला पाहिजे. भारतांत घड्याळें वर्षभर एकच चाल चालतात. अमेरिकेंत मार्चच्या दुसऱ्या रविवारीं तीं एक तास पुढें नेतात व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं मागें आणतात, आणि इंग्लंडांत हाच बदल मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं होतो. न्यूयॉर्कची सकाळीं नऊची बैठक हिंवाळ्यांत आपल्याकडे संध्याकाळीं साडेसातला असते, ती मार्चांत साडेसहाला येते. अशा दिवसांत सूनबाई तासभर आधींच खोलीचें दार लावून कामास बसली, तर घरांतील मंडळींनीं नवल मानूं नये. आणि कचेरींतील मंडळींनीं संगणकाचें घड्याळ चुकलें म्हणून त्यास हात लावूं नये. तें बरोबर असतें. बदललेला असतो तो परदेशांतील रिवाज.

कायदा व जबाबदारी

ही सर्व काळजी आतां केवळ कचेरीच्या मर्जीवर राहिलेली नाहीं. संगणकांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या आदेशांत असें फर्माविलें कीं, कंपन्यांनीं व संस्थांनीं आपलीं घड्याळें राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्र अथवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या सर्व्हरांशीं, किंवा त्यांच्याशीं ज्यांचा धागा जुळतो अशा सर्व्हरांशीं, जुळवून ठेवावींत. ज्यांचे व्यवहार अनेक देशांत पसरलेले आहेत त्यांस दुसरा अचूक आधार घेण्याची मुभा आहे, मात्र त्याची वेळ यांच्याहून भिन्न असतां कामा नये. त्याच आदेशांत नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याची आणि सायबर हल्ल्यासारखी घटना ध्यानांत आल्यावर सहा तासांच्या आंत कळविण्याची आज्ञा आहे. एका पाठोपाठ एक आलेल्या या तीन आज्ञांतील संबंध उघड आहे. सहा महिन्यांच्या नोंदी जपल्या, पण त्यांवरील वेळच खोटी असली, तर तो जपलेला कागद नव्हे, जपलेला गोंधळ होय.

घरच्या मंडळींस

आतां पुष्कळ घरांतहि दोन-तीन संगणक असतात, आणि मुलांच्या परीक्षांचे अर्ज व घरचे पेढीचे व्यवहार त्यांवरच होतात. तेथें करावयाचें तें थोडें आहे. वेळ आपोआप घेण्याची सोय चालू ठेवावी आणि वर सांगितलेली भारताची ओळ निवडलेली आहे हें पहावें. सुटींत महिनाभर बंद राहिलेला जुना संगणक भलतीच तारीख दाखवूं लागल्यास, त्यास विषाणूची बाधा झाली म्हणून घाबरूं नये. सीआर२०३२ या नांवाची तीन व्होल्टांची बॅटरी घड्याळजीच्या दुकानांतहि मिळते आणि ती बदलतांच बहुधा दोष जातो. अर्ज भरण्याची मुदत संपत आली असेल तेव्हां भिंतीवरील घड्याळाचा भरंवसा धरूं नये. मुदत मोजणारें घड्याळ दुसरीकडेच असतें.

लग्नघरीं घटिकापात्र मांडून एक मनुष्य त्याच्यापाशीं बसविण्याची चाल आपल्याकडे होती. भोंकाचें तांब्याचें भांडें पाण्यांत बुडालें कीं एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटें, झालीं. तें भांडें अणुघड्याळापुढें अर्थातच ओबडधोबड; परंतु मांडवांत जमलेल्या सर्वांनीं त्यास मानावयाचें ठरविलेलें असे, आणि त्यावर नजर ठेवण्याची जबाबदारी कोणावर आहे हेंहि ठरलेलें असे. खराडीच्या कचेरींत सेकंदाचा सहस्रांश मोजणारीं यंत्रें आहेत. तथापि त्यांच्यापाशीं कोण बसला आहे, असें विचारलें तर बहुधा उत्तर मिळत नाहीं. तेव्हां प्रत्येक कचेरीनें आपली वेळ कोठून येते हें एका कागदावर लिहून ठेवावें, ती तपासण्याचें काम एका माणसाच्या नांवें लावावें, आणि महिन्यांतून एकदां त्यानें ती सांखळी खालपासून वरपर्यंत पाहावी. एवढें झालें तर तेथें काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या वेळेवर, आणि म्हणून त्यांच्या शब्दावर, संशय घेण्याचें कारण कोणास उरणार नाहीं.